हंपी की बदामी? आधी अम्मींच्या गुडघ्यांना विचारा

डिसेंबरात मुलांना चार दिवसांची सुट्टी लागली की आमच्या घरी वाद ठरलेला: हंपी की बदामी? आम्हा सोलापूरकरांना दोन्ही ठिकाणे सोयीची, आणि दोन्हीकडे पाहायचे काय, तर दगड! मुले म्हणतात हंपी. दीर म्हणतात, एका फेरीत दोन्ही उरकू. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना घरात सगळे अम्मीच म्हणतात, त्या म्हणतात, "तुम्ही ठरवा, मी गाडीत बसेन."

दोन वर्षांपूर्वी आम्ही हे वाक्य ऐकून सोडून दिले आणि ऐन मे महिन्यात हंपी गाठली. चूक आमचीच. सकाळी दहालाच पायाखालचा दगड तापलेला. एक ठिकाण पाहून दुसरीकडे जायचे म्हणजे पुन्हा गाडी, पुन्हा उतरणे, पुन्हा चालणे. दुपारनंतर अम्मी एका झाडाखाली बसल्या त्या संध्याकाळपर्यंत. घरी आल्यावर शेजारणीने विचारले तेव्हा हसून म्हणाल्या, "हंपी ना? पाहिली की, लांबून." त्या हसल्या, पण मला ते लागले.

हंपीचा यात दोष नाही. तिथले ग्रॅनाइटचे गोल धोंडे एकावर एक असे तोललेले दिसतात, की कोणी रचून ठेवलेत असे वाटावे. खरे तर ते कोणी आणलेले नाहीत. अखंड खडकाला भेगा पडल्या, भेगांत पाणी मुरले, कोपरे झिजले, भोवतीची माती वाहून गेली आणि धोंडे उरले. त्यांच्यामधून तुंगभद्रा वाहते आणि चहूकडे विजयनगरचे अवशेष पसरले आहेत. हे राज्य १३३६ मध्ये उभे राहिले. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर राजधानी उजाड झाली. शाळेत आपण ही लढाई दोन धर्मांची म्हणून शिकतो. हंपीत मात्र अहमद खान या सरदाराने १४३९ मध्ये बांधलेली इमारत आहे, आणि तिच्यावरच्या कन्नड लेखात राजा देवरायाला पुण्य लाभावे म्हणून ती बांधल्याचे म्हटले आहे. हत्तीखान्यावर घुमट आहेत. १४४३ मध्ये हेरातहून आलेल्या अब्दुर रज्जाक या वकिलाने हे शहर भरभराटीत पाहिले. मुलांना हे सगळे दाखवायलाच हवे. पण त्यासाठी दोन पूर्ण दिवस आणि धडधाकट पाय हवेत.

यंदा आम्ही बदामी ठरवली. सोलापूर-गदग रेल्वेमार्गावर विजापूर, बागलकोट आणि मग बदामी स्टेशन. तिथून गाव पाचेक किलोमीटर. विजापुरात उतरून गोलघुमट पाहिला. मुले वर जाऊन कुजबुज ऐकून आली, अम्मी खाली मुहम्मद आदिलशहाच्या कबरीपाशी फातिहा पढत होत्या.

बदामीचा दगड वेगळा. हा वालुकाश्म, थरावर थर बसलेला, लालसर आणि ग्रॅनाइटच्या मानाने मऊ. म्हणूनच चालुक्यांना तो कोरता आला. चार लेणी आहेत. तिसऱ्यातल्या लेखावर ५७८ चे साल येते, चौथे जैनांचे. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि माकडे त्याहून जास्त. हातातली पिशवी कधी जाईल सांगता येत नाही, आमची केळी गेलीच. अम्मी पहिल्या लेण्यापर्यंत चढल्या आणि म्हणाल्या, बस.

पण बदामीची खरी गंमत अशी, की ती बसून पाहता येते. मधे अगस्त्य तळे, दोन्ही बाजूंना उभे लाल कडे, पलीकडच्या काठाला भूतनाथाची देवळे. तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणे धूत होत्या. अम्मींनी त्यांच्याशी मोडक्या कन्नडमध्ये गप्पा सुरू केल्या (सोलापूरच्या माणसाला तेवढे येतेच). मुले समोरच्या उत्तर किल्ल्याकडे गेली. तिथली वाट दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून वर जाते. हंपीवाल्या माझ्या मुलाची तक्रार तिथेच संपली.

जेवणाचे म्हणाल तर हंपी गावात मांसाहार मिळत नाही, होस्पेटला राहिलात तर सोय होते. बदामीत आम्ही ज्वारीची भाकरी आणि भरल्या वांग्यावरच राहिलो, कोणी कुरकुर केली नाही. दिरांचा दोन्ही उरकण्याचा बेत मात्र मी हाणून पाडला. बदामीहून हंपी रस्त्याने तीन-साडेतीन तासांची. चार दिवसांत ते बसवायचे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला पुन्हा झाडाखाली बसवणे. घरात सगळे तरुण असतील तर खुशाल हंपीच निवडा, फक्त उन्हाळा टाळा.

शेवटच्या संध्याकाळी अम्मींनी तळ्याकाठीच असरची नमाज पढली. ऊन तिरपे झाले तसा समोरचा कडा आणखी लाल होत गेला. जानमाज घडी करता करता त्यांनी मला विचारले, "बेटा, हंपीचे दगड असेच लाल होते का ग?"

मी म्हटले, "नाही अम्मी, ते गोल होते. करड्या-तपकिरी रंगाचे."

"अस्सं," म्हणाल्या, आणि पुन्हा पायरीवर बसल्या.