दुर्गंधीमागची ऊब

कोरेगावहून एका वाचकाने विचारले आहे: ठाण्याच्या नातेवाइकांकडे शेवळाची भाजी चाटूनपुसून खाल्ली, मग रानात उमललेल्या शेवळाला मेलेल्या उंदरासारखी घाण का येते?

भाजी होते ती न उमललेल्या कोंबाची. पावसाच्या तोंडावर, पान फुटायच्या आधी, तो जमिनीतून वर येतो. कोकणपट्टीतल्या आगरी, कायस्थ प्रभू, पाठारे प्रभू घरांत आतला पिवळा दांडा काढून टाकतात, काकड नावाच्या आंबट फळांच्या रसात बाकीचे शिजवतात आणि कोलंबी किंवा सोडे घालतात. शेवळाने घसा खाजतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांमुळे. काकडांचा आंबटपणा या सुया विरघळवतो, असे सर्रास लिहिले जाते. मला ते पटत नाही. हे ऑक्झलेट सौम्य आम्लात फारसे विरघळतच नाही. काकडांचा गुण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाला आलेला आहे, त्याचे कारण मात्र प्रयोगशाळेत नीट तपासायला हवे.

शेवळ हे सुरणाचे रानातले भावंड. उमलल्यावर कुजक्या मांसाच्या वासाला भुलून माश्या-भुंगेरे येतात आणि परागकण अंगावर घेऊन दुसऱ्या फुलोऱ्याकडे जातात. पण या कुळाची खरी करामत वासापेक्षा उष्णतेत आहे. सुरणाचा फुलोरा उमलताना चक्क तापतो, आणि त्या उबेने वास दूरवर पसरतो. युरोपातल्या अशाच एका अळूवर्गीय फुलाची ऊब 1778 मध्ये लामार्कने नोंदवली होती. होय, उत्क्रांतीवाला लामार्कच!

फूल तापवतो कोण? सह्याद्रीतही उगवणाऱ्या सौरोमॅटम या भाऊबंदाच्या फुलोऱ्याचा शेंडा भोवतालच्या हवेपेक्षा 14 अंशांपर्यंत गरम होतो. 1937 साली डच संशोधक व्हॅन हर्क यांनी सांगितले की नरफुलांतून एक द्रव्य निघून शेंड्यापर्यंत पोचते आणि तिथली भट्टी पेटवते. द्रव्य कोणते, हे हाती लागेना, आणि अनेकांनी ती कल्पना बाजूला सारली. सिअ‍ॅटलचे बास्तियान मेउझ मात्र चिकाटीने मागे लागले. अखेर 1987 मध्ये इल्या रास्किन, मेउझ आणि सहकाऱ्यांनी ते ओळखले: सॅलिसिलिक आम्ल, ज्यापासून अ‍ॅस्पिरिन बनवतात!

तीनच वर्षांनी दिसले की रोग जडलेल्या तंबाखूत आणि काकडीतही हेच आम्ल वाढते आणि झाडाला प्रतिकारासाठी सज्ज करते. वनस्पतींच्या रोगप्रतिकाराच्या अभ्यासात आज त्याला मानाचे स्थान आहे. त्या अभ्यासाच्या इतिहासात व्हॅन हर्क यांचे नाव क्वचितच येते, आणि ते यायलाच हवे.