किरकोळ की किरुकुळ?

कन्नडमध्ये छळाला ‘किरुकुळ’ म्हणतात आणि मराठीत क्षुल्लक गोष्टीला ‘किरकोळ’. दोन्ही शब्दांचे काहीतरी नाते असावे. कन्नडमध्ये ‘किरु’ म्हणजे लहान. लघुपटाला आजही ‘किरुचित्र’ म्हणतात. व्युत्पत्तीचा वाद भाषातज्ज्ञांनी घालावा. माझा प्रश्न साधा आहे. ज्या घरात आई मराठी बोलते, शेजार कन्नड बोलतो आणि मुले दोन्ही भाषांत भांडतात, त्या घरातली बाई कारखान्यात कामाला जाते. तिथल्या भिंतीवर ‘लैंगिक किरुकुळ’ विरोधी समितीचा फलक असतो. तो वाचून तिला काय कळते?

उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हा प्रश्न प्रत्यक्षातच आला. तिथले एचआरचे सर सांगत होते, की फलक लावला त्या दिवशी कोअर शॉपमधल्या दोघी-तिघी मराठी बायका तो अक्षर-अक्षर जुळवून वाचत होत्या आणि हसत होत्या. एकीने विचारले, “सर, किरकोळ कामासाठी पण कमिटी काढली काय?” सर स्वतः धारवाडकडचे, घरी कन्नड. त्यांना आधी विनोद कळलाच नाही. कळला तेव्हा त्यांनी शेजारी दुसरा फलक लावायचे ठरवले. पण लिहून कोण देणार? म्हणून ते आमच्याकडे आले.

‘आमच्याकडे’ म्हणजे कोणत्या संस्थेकडे नव्हे. सात-आठ जणांचा एक गट आहे, नाव नाही, नोंदणी नाही. एक वकीलबाई आहेत, त्या दोन-तीन आस्थापनांच्या समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून जातात. एक कंपनी सेक्रेटरी आहेत, एका खासगी रुग्णालयातल्या मेट्रन आहेत, एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, हे एचआरचे सर आहेत, माझ्या महाविद्यालयातल्या कन्नडच्या सहकारी आहेत आणि मी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी टिळकवाडीत वकीलबाईंच्या ऑफिसात बसतो. दुसरा शनिवार का, तर बँकवाल्यांना त्या दिवशी सुट्टी असते. निवृत्त झाले तरी त्यांची सवय गेलेली नाही. आम्ही दोघी मास्तरणी आमच्या महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीवर आहोत. यूजीसीच्या २०१५ च्या विनियमांमुळे महाविद्यालयांना अशी समिती लागतेच, आणि तक्रारीत विद्यार्थी असतील तर समितीवर विद्यार्थीही घ्यावे लागतात.

कायद्याची कथा वाचकांना थोडी माहीत असेल. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरीदेवी सरकारी योजनेत ‘साथिन’ म्हणून काम करीत होत्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. काम सरकारचे, पण त्या कामामुळे ओढवलेल्या संकटाची जबाबदारी घ्यायला कोणी नाही, अशी स्थिती. ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्या. जे. एस. वर्मा, न्या. सुजाता मनोहर आणि न्या. बी. एन. कृपाल यांच्या पीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. ती बराच काळ कागदावरच राहिली. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिले, त्याचीच याचिका झाली, आणि त्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये निकाल आला. पुढच्या वर्षी संसदेने कायदा केला. तो ९ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे.

दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तिथे अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी महिला चालणार नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. समिती नेमली नाही तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड. हे सगळे कारखानदारांना आता पाठ झाले आहे. कंपनी सेक्रेटरी म्हणतात, “मॅडम, कागद पूर्ण असतात. समितीचा आदेश असतो, वार्षिक अहवाल असतो, अहवालात शून्य असते.” २०१८ पासून कंपन्यांना समिती नेमल्याचे संचालक मंडळाच्या अहवालात लिहावे लागते, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारी किती आल्या, किती निकालात निघाल्या, किती ९० दिवसांपेक्षा जास्त रेंगाळल्या हेही. त्यांना त्या शून्याचा राग येतो. ज्या कारखान्यात शंभर बायका तीन पाळ्यांत काम करतात, तिथे वर्षानुवर्षे शून्य कसे, हा त्यांचा प्रश्न. मालकांचे उत्तर ठरलेले, “आमच्याकडे असलं काही नाही हो.” नसेलही. पण फलक इंग्रजीत, तोही मालकाच्या केबिनबाहेर, आणि तिथे बायका पगाराच्या तक्रारीशिवाय फिरकत नाहीत, तर ते शून्य नेमके कशाचे?

इथे एक गोष्ट बोलून टाकते. फलकाच्या भाषेवरून आपल्याकडे किती रणे माजली ते सांगायला नको. दुकानांच्या पाट्या, बसवरच्या पाट्या, गावाच्या वेशीवरच्या पाट्या. पण हा एक फलक निव्वळ इंग्रजीत असला तरी दोन्हीकडच्या कोणाचेही रक्त तापल्याचे मी पाहिलेले नाही.

तर आम्ही एक पानाचे पत्रक करायला बसलो. वाटले, एका बैठकीत होईल. पाच लागल्या. कारण शब्द. ‘तक्रार’ हा आपला साधा शब्द, पण कन्नडमध्ये ‘तकरारु’ म्हणजे आक्षेप, तंटा. मराठी बाई कन्नड साहेबापुढे जाऊन “मला तक्रार करायची आहे” म्हणाली, तर त्याला वाटते ही भांडायला आली. कन्नडमध्ये तक्रारीला ‘दूरु’ म्हणतात; ते ऐकून मराठी माणूस विचारणार, कोण दूर? ‘मर्यादे’ म्हणजे कन्नडमध्ये अब्रू, मान. मराठीत मर्यादा म्हणजे सीमा. “मर्यादे होयतु” म्हणणाऱ्या बाईची अब्रू गेलेली असते, आणि लिहून घेणारा लिहितो, ‘मर्यादा ओलांडली’. दोन्हींत किती अंतर!

घरात या गमती असतात. जबाबात त्या गमती राहत नाहीत. वकीलबाईंनी ठिकाण, नाव, काळ काहीही न सांगता एक अनुभव सांगितला. कन्नड बोलणारी एक बाई समितीपुढे म्हणाली, “मै मेले कै हाकिद.” अंगाला हात लावला, असा त्याचा अर्थ. लिहून घेणारा कारकून मराठी, त्याने शब्दाला शब्द लावला, ‘अंगावर हात टाकला’. ऑफिसात त्याचे इंग्रजी झाले तेव्हा टंकलेखकाने मराठीचा रोजचा अर्थ घेतला आणि कागदावर मारहाण आली. मग ज्याच्यावर आरोप होता तो म्हणाला, मी आयुष्यात कोणाला मारले नाही. साक्षीदारही म्हणाले, मारताना पाहिले नाही. खरेच होते, कोणी मारलेच नव्हते! आणि एका सदस्याने कलम १४ काढले, म्हणजे खोट्या तक्रारीवर कारवाईचे. वकीलबाईंनी कागद बाजूला सारला आणि त्या बाईला म्हणाल्या, “अक्का, इंग्लिश बिडी. नीवु एनु हेळिद्रि, अदने मत्ते हेळ्री.” इंग्रजी सोडा, तुम्ही काय म्हणालात तेच पुन्हा सांगा. तिने सांगितले. खोलीतला प्रत्येकजण कन्नड जाणणारा होता, पण तोपर्यंत सगळे इंग्रजी कागदच वाचत होते.

पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. कलम १६ प्रमाणे तक्रारदार, आरोपी, साक्षीदार यांची ओळख आणि चौकशीचा तपशील बाहेर फोडता येत नाही. छोट्या शहरात हे पाळणे फार कठीण. संध्याकाळी खडेबाजारात भेटणारी दहा माणसे एकमेकांना ओळखतात. म्हणून आमचा पहिला नियम, बैठकीत प्रकरण सांगायचे नाही, अडचण सांगायची.

त्या अनुभवानंतर आम्ही एक पद्धत ठरवली आणि ती तीन आस्थापनांनी उचलली. जबाब बाईच्या तोंडून येईल त्या भाषेत, तिच्याच शब्दांत लिहायचा. कन्नड तर कन्नड, मराठी तर मराठी, आणि बेळगावी मिसळ असेल तर मिसळच. तो तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. तिने ‘होय’ म्हटल्यावर सही किंवा अंगठा. भाषांतर नंतर, मूळ कागदाला जोडून. कायद्यात याला आधार आहे: तक्रार लेखी हवी, पण जिला लिहिता येत नाही तिला लिहून देण्यासाठी समितीने मदत करायची, असे कलम ९ सांगते. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. ही मुदत किती जणींना माहीत आहे? आमच्या पत्रकात ती सर्वांत मोठ्या अक्षरात आहे, मेट्रनबाईंच्या आग्रहावरून. त्या म्हणाल्या, नर्स मुली सहा-सहा महिने सोसतात आणि मग नोकरी सोडून जातात. मुदत कळली तर निदान विचार तरी करतील.

गटात सगळे एकमताचे नाहीत, हे बरेच. बँकेतले काका प्रत्येक बैठकीत आरोपीच्या बाजूने प्रश्न काढतात. सुरुवातीला आम्हाला राग यायचा. पण त्यांनी गोवा विद्यापीठातल्या प्रकरणाचा निकाल आणून ठेवला. तिथे विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ च्या. समितीने चौकशी घाईने उरकली, संबंधित विभागप्रमुखाला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये त्याच्या बडतर्फीचा निर्णय बाजूला ठेवला आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षे! त्या मुलींनी पुन्हा जबाब द्यायचे? समितीचा उत्साह आणि समितीची शिस्त या निराळ्या गोष्टी आहेत. तेव्हापासून आमच्या यादीत आरोपीच्या बाजूचीही कामे आली: तक्रारीची प्रत सात कामकाजी दिवसांत त्याला पोचली का, त्याला वाचता येईल अशा भाषेत आहे का, उत्तराला दहा कामकाजी दिवस मिळाले का. काकांचे म्हणणे मान्य करताना वकीलबाईंनी एक अट घातली. पुरावा कमी पडला म्हणजे तक्रार खोटी, असे कोणी म्हणायचे नाही. कायदाही तसे म्हणत नाही.

एचआरच्या सरांचे काम सर्वांत अवघड. ते मालकाचे पगारी नोकर. पत्रक कुठे लावायचे यावरून त्यांना आठवडाभर वाद घालावा लागला. आता ते हजेरीच्या यंत्राशेजारी, पिण्याच्या पाण्याच्या नळाजवळ आणि बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आहे. दोन भाषांत, समितीवरच्या बायकांची नावे आणि फोन. माहितीचा अर्धा तास पाळी बदलताना मिळाला, उत्पादन न थांबवता. तिथे कंत्राटी बायकांना उभे करायला कंत्राटदार तयार नव्हता, “त्या तुमच्या नव्हेत” म्हणाला. कायद्यात कंत्राटी, रोजंदारी, शिकाऊ सगळ्या येतात; कंपनी सेक्रेटरींनी त्याला ते कलम वाचून दाखवले तेव्हा तो आला, आणि शेवटच्या रांगेत बसून सगळे ऐकून गेला. बाहेरच्या सदस्याला नियमाप्रमाणे दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च मिळतो. वकीलबाईंचा भत्ता रिक्षात जातो, असे त्या हसत सांगतात.

‘किरुकुळ’चे काय केले? कन्नड पत्रकात तो शब्द ठेवला, कारण तोच कायद्याचा आणि सर्वांना कळणारा शब्द. मराठी पत्रकात ‘छळ’ लिहिले आणि खाली साध्या भाषेत यादी दिली: नको असताना अंगाला हात लावणे, तसली मागणी करणे, अश्लील बोलणे, फोनवर तसले फोटो पाठवणे. ‘छेडछाड’ हा शब्द माझ्या आग्रहाने काढला. त्यात खोडकरपणाचा वास येतो.

आता पुढचे पत्रक घरकाम करणाऱ्यांसाठी आहे. त्यांना अंतर्गत समिती नाही. दहापेक्षा कमी माणसे असतील तिथल्या आणि घरकामाच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातात. घरकामाच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर समितीने ती सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये सर्व राज्यांना प्रत्येक जिल्ह्यात अधिकारी आणि स्थानिक समिती नेमण्यासाठी मुदत घालून दिली होती. पत्रक मात्र मथळ्यावर अडले आहे. ‘मोलकरीण’ नको यावर एकमत झाले. कन्नडमध्ये ‘मनेगेलसदवळु’ एकेरी वाटतो म्हणून माझ्या सहकारी ‘मनेगेलसदवरु’ म्हणतात. मेट्रनबाईंना दोन्ही नको आहेत. येत्या रविवारी आम्ही दोघी वडगावात जाऊन त्या बायकांनाच विचारणार आहोत, की तुम्हाला काय म्हणायचे.