देवपुत्र आणि देवदूत
ख्रिस्ती धर्मशास्त्रानुसार देवदूत सामर्थ्याने माणसापेक्षा वरचढ असले, तरी ते देवाने निर्माण केलेले आहेत. येशू ख्रिस्त मात्र निर्माण झालेला नाही. तो देवाचा एकुलता एक पुत्र आहे. ख्रिस्ताची उपासना योग्य आणि देवदूताची अयोग्य का, याचे उत्तर या भेदात आहे.

जुन्या करारात ‘देवपुत्र’ हा मान अनेकांना मिळाला आहे. ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वरापुढे हजर होणाऱ्या स्वर्गीय सेवकांना देवपुत्र म्हटले आहे. निर्गमात इस्राएल राष्ट्र देवाचा ज्येष्ठ पुत्र आहे, तर दुसऱ्या स्तोत्रात अभिषिक्त राजाला देवाचा पुत्र म्हटले आहे. हे पुत्रत्व देवाच्या निवडीने किंवा सेवेच्या नात्याने लाभलेले आहे.

नव्या करारातील इब्री लोकांस पत्र पुत्राला या सर्वांहून वेगळा ठरवते. त्याच्याद्वारे विश्व घडले आणि देवदूत त्याला नमन करतात. स्वतः देवदूत तारण पावणाऱ्यांच्या सेवेसाठी पाठवलेले आत्मे आहेत. प्रकटीकरणात योहान देवदूताच्या पाया पडू लागतो, तेव्हा आपणही सेवकच आहोत असे सांगून देवदूत त्याला देवालाच नमन करायला सांगतो.

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याने पुत्रही निर्मित असल्याचे मांडले. पुत्र कितीही श्रेष्ठ मानला, तरी या मतानुसार तो सृष्टीचाच भाग ठरत होता. एरियसचा विरोधक अथनेशियस याचा आक्षेप मूलगामी होता: जो स्वतः निर्मित आहे, तो माणसाला देवाशी जोडू शकत नाही. इ. स. 325 च्या निकिया परिषदेने पुत्र ‘जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे’ आणि पित्याशी एकतत्त्व असल्याचे जाहीर केले.

देवदूतांचे चिंतनही पुढे विस्तारले. डायोनिसियसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथात त्यांच्या नऊ श्रेणी आहेत. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने त्यांना देहरहित, बुद्धी आणि इच्छाशक्ती असलेले जीव मानले. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरेत देवदूतांना मान दिला जातो, त्यांची मध्यस्थी मागितली जाते. प्रोटेस्टंट पंथ सहसा त्यांच्याकडे प्रार्थना करत नाहीत. उपासना देवाचीच, यावर मात्र तिन्ही परंपरांचे एकमत आहे.

श्रद्धावंतांचे पुत्रत्व ख्रिस्ताच्या पुत्रत्वाहून निराळे आहे. संत पौलाच्या मते पवित्र आत्म्याच्या योगे ते देवाची दत्तक लेकरे आणि ख्रिस्ताचे सहवारस होतात. ख्रिस्ताला जे स्वभावतः आहे, ते त्यांना कृपेने मिळते. म्हणूनच पुत्राने देवदूताचे नव्हे, माणसाचे रूप धारण केले, याला ख्रिस्ती श्रद्धेत मध्यवर्ती महत्त्व आहे.