जोयड्याच्या रानातली पाइनची भावकी

चिलगोजे, म्हणजे पाइनच्या बिया, थेट झाडावर पाहायचे तर हिमाचलातलं किन्नौर गाठायला हवं. सह्याद्रीत मूळचा एकही पाइन नाही. पण उत्तर कन्नडच्या सदाहरित रानात, जोयडा-अणशीच्या पट्ट्यात, पाइनची भावकी नांदते आणि तिच्याही बिया खातात! मराठीत तिला कुंबळ म्हणतात, कुठे उंबळी. शास्त्रीय नाव नीटम उला.

ओळखायला मात्र महाकठीण. झाड नाही, वेल आहे: जाडजूड, पेरापेराला सुजलेली, उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढणारी. पानं समोरासमोर, रुंद, तुकतुकीत, शिरांच्या जाळीची. पिकली की नारिंगी-तांबडी होणारी ‘फळं’ लागतात. पण ती फळंच नव्हेत! कुंबळीला खरं फूल येत नाही, मग फळ कुठून येणार? ती असते नुसती बी, आणि वरचा गर हे बीचंच आवरण. वनस्पतिशास्त्रात हिची जागा अनावृत्तबीजींत, पाइन आणि सायकसच्या पंगतीत.

लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यासुद्धा फुलझाडांसारख्या. त्यामुळे फुलझाडांची सगळ्यांत जवळची नातलग हीच, असं शास्त्रज्ञ बराच काळ मानत होते. पुढे डीएनए तपासला आणि वंशावळच फिरली: अनेक अभ्यासांनी नीटमला पाइन कुळाच्या शेजारी बसवलं. या गटावरचा गाजलेला ग्रंथ भारतातलाच, पंचानन माहेश्वरी आणि विमला वसिल यांचा, 1961 सालचा.

आता खाण्याचं. कुंबळीच्या बिया भाजून खातात, त्यांचं तेलही निघतं. इंडोनेशियात तर हिच्या बहिणीवर, नीटम नेमॉनवर, घराघरांतला धंदा चालतो. बी गरम भाजायची, टरफल काढायचं, गरम असतानाच ठोकून पातळ चपटी करायची, उन्हात वाळवायची आणि तळायची. झाला ‘एम्पिंग’, आपल्या पापडासारखा कुरकुरीत, किंचित कडवट. मध्य आफ्रिकेत बिया राहू द्या, नीटमच्या पानांचीच भाजी होते.

जोयड्यातल्या कुणब्यांच्या कंदांचं कौतुक कंदमेळ्यात होतं, आणि व्हायलाच हवं. तिथेच भाजलेल्या कुंबळीचाही एखादा द्रोण दिसावा, असं मनापासून वाटतं. फक्त बिया ओरबाडून चालणार नाही. नर वेल वेगळी, मादी वेगळी. एकटी मादी कितीही वाढली तरी तिला धड बी धरत नाही. शिवाय बी गळून पडते तेव्हा आतला गर्भ पुरता घडलेलाही नसतो. तो घडतो नंतर, पाचोळ्यात पडल्यापडल्या.