लोयांग : एका लहान धम्मयात्रेचा आराखडा आणि जमाखर्च

चीनमध्ये जाऊन बौद्ध स्थळे पाहावीत, अशी इच्छा आमच्या अभ्यासवर्गातील उपासक-उपासिका अनेक वर्षांपासून व्यक्त करीत आले आहेत. 2020 पासून भारत आणि चीन यांच्यामधील थेट विमानसेवा बंद होती. ती 2025 च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली आणि ही इच्छा पुन्हा बोलून दाखविली जाऊ लागली. वर्गातील सहा जणांनी तर, किती दिवस लागतील आणि किती पैसे लागतील, हे लिहूनच द्या, असा आग्रह धरला. या सहांपैकी चौघे सेवानिवृत्त आहेत. दोघे नोकरीत असून त्यांना दिवाळीच्या सुटीपलीकडे रजा मिळत नाही. प्रस्तुत लेखातील आराखडा त्यांच्यासाठी केलेला आहे. इतरांनाही तो उपयोगी पडेल, या समजुतीने येथे देत आहोत.

पहिला प्रश्न नगराच्या निवडीचा. आठ दिवसांत बीजिंग, शीआन, लोयांग आणि शांघाय अशी चार नगरे दाखविणाऱ्या सहली सर्वत्र विकल्या जातात. 2018 साली आम्ही अशाच एका सहलीतून गेलो होतो. लोंगमेनच्या लेण्यांसमोर आम्हाला पन्नास मिनिटे मिळाली आणि त्याच दिवशी दुपारी एका रेशमाच्या दुकानात पावणेदोन तास बसविण्यात आले. पैसे आमचे होते, वेळ मात्र दुसऱ्याचा झाला. पुढच्याच वर्षी आम्ही चौघे मिळून स्वतंत्रपणे फक्त लोयांगला गेलो आणि पहिल्या सहलीहून कमी खर्चात चार दिवस राहिलो. या अनुभवावरून आमचे मत असे बनले आहे की, ज्याच्याजवळ पैसा मोजका आणि दिवस मोजके आहेत, त्याने एकच नगर निवडावे आणि ते पुरते पाहावे.

ते नगर लोयांगच का, याचे उत्तर पाली वाङ्मयाच्या अभ्यासकाला सहज देता येते. इसवी सन 148 च्या सुमारास आन शिगाव नावाचा पार्थियन पंडित या नगरात आला. त्याने चिनी भाषेत उतरविलेल्या ग्रंथांपैकी दोन आपल्या दीघनिकायातील महानिदानसुत्त आणि दसुत्तरसुत्त यांच्याशी जुळतात. आनापानसतीवरील ग्रंथही त्याच्या नावावर आहे. प्रतीत्यसमुत्पादाचा उपदेश चिनी वाचकापर्यंत इतक्या लवकर ज्या नगरातून पोहोचला, ते हे नगर. आन शिगावची कोणतीही वास्तू आज तेथे उभी नाही, हे आधीच सांगितलेले बरे. पुढे सातव्या शतकात ज्याने महाराष्ट्रात येऊन येथे शंभराहून अधिक संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद केली, तो ह्युएनत्संग याच लोयांगच्या परिसरात जन्मला. पुलकेशीच्या राज्यातील लोकांच्या मानी स्वभावाविषयी त्याने जे लिहिले, ते आपल्या शालेय पुस्तकांतून सर्वांना परिचित आहे.

आता काळ. एप्रिलपासून मेच्या आरंभापर्यंत लोयांगमध्ये पिओनी फुलांचा उत्सव असतो. नगर त्या वेळी सुंदर दिसते, परंतु खोल्यांचे भाडे फार वाढते. 1 मेची सुटी आणि 1 ऑक्टोबरपासूनचा राष्ट्रीय सप्ताह या दिवसांत तर संपूर्ण चीन प्रवासाला निघालेला असतो. तेव्हा आगगाडीचे तिकीट मिळणेही कठीण. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ आम्हाला सर्वांत सोयीचा वाटतो. हवा कोरडी असते, गर्दी ओसरलेली असते. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील कार्यक्रम आटोपून निघणाऱ्यांनाही तो साधतो. मात्र दिवाळीच्या आठवड्यात आपल्याकडून जाणाऱ्या विमानांचे भाडे चढते, म्हणून तिकीट आधी पाहून ठेवावे.

पाहून ठेवावे असे आम्ही म्हणतो. विकत घेण्याची घाई करू नये. महाराष्ट्रातील अर्जदारांच्या चिनी व्हिसाचे काम मुंबईतून होते. परतीच्या तारखेनंतरही किमान सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट, छायाचित्र, अर्ज, प्रवासाचे आणि निवासाचे आरक्षण अशी कागदपत्रे लागतात. व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण करावे, मग त्यासाठी थोडे अधिक द्यावे लागले तरी चालेल. परत न मिळणाऱ्या तिकिटात अडकलेली रक्कम ही गरीब यात्रेकरूची सर्वांत मोठी हानी होय.

मुंबईहून शांघायला पोहोचावे आणि तेथून अतिवेगवान आगगाडीने पाच तासांच्या आसपास लोयांग गाठावे, हा मार्ग आम्ही गृहीत धरला आहे. आगगाडीची तिकिटे सामान्यतः पंधरा दिवस आधी खुली होतात आणि पासपोर्टवरच मिळतात. नावातील एक अक्षर चुकले तरी अडचण येते. गाडी नगराच्या दक्षिणेकडील लोयांग-लोंगमेन स्थानकावर थांबते. 2021 पासून लोयांगमध्ये मेट्रो सुरू झाली आहे आणि या स्थानकापर्यंत तिची दुसरी मार्गिका येते. त्यामुळे टॅक्सीवाल्याशी घासाघीस करण्याचा प्रसंग आता टळला आहे.

खर्चाचा अंदाज माणशी पुढीलप्रमाणे आहे. एका युआनला 13 रुपये असा भाव आम्ही धरतो. आगगाडीचे जाणे-येणे 1,000 युआन. दोघांत एक खोली याप्रमाणे पाच रात्रींचे, म्हणजे लोयांगच्या चार आणि परतीची शांघायची एक, मिळून 700 युआन. सहा दिवसांचे भोजन 600 युआन. मेट्रो, बस आणि क्वचित टॅक्सी यांस 150 युआन. प्रवेशशुल्कासाठी आणखी 150 युआन ठेवावेत. लोंगमेनचे शुल्क गेल्या काही वर्षांत 90 आणि श्वेताश्व विहाराचे 35 युआन राहिले आहे, निघण्यापूर्वी ते पुन्हा पाहावे. ही बेरीज 2,600 युआन, म्हणजे 33,800 रुपये होते. विमानासाठी 45,000 आणि व्हिसा, विमा व कागदपत्रे यांसाठी 8,000 रुपये धरले असता एकूण 86,800 रुपये होतात. उरलेले 13,200 रुपये राखीव ठेवून प्रत्येकाने एक लाख रुपये जमवावेत, असे ठरले आहे. घरापासून मुंबईपर्यंतचा खर्च ज्याचा त्याने करावा.

एक लाख ही रक्कम आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांना लहान नाही. गटातील एका सेवानिवृत्त शिक्षिकेने ग्रॅच्युइटीच्या ठेवीतून पैसे काढण्याचा विचार बोलून दाखविला, तेव्हा आम्ही त्यांना नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील एका शिलालेखाचे स्मरण करून दिले. दहाव्या क्रमांकाच्या विहारात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने 3,000 कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक याप्रमाणे व्याज आणि त्यातून वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी. वाचकांनी हिशेब करून पाहावा : महिन्याला 20, वर्षाला 240, आणि वीस भिक्खूंचे बारा-बारा मिळूनही 240 च. उरलेल्या 1,000 वर पाऊण टक्का, तोही भिक्खूंच्याच अन्य खर्चासाठी. मुद्दलाला हात लावावयाचा नाही, असे त्या लेखात स्पष्ट सांगितले आहे. बाईंनी ठेव तशीच राहू दिली. आता सहाही जण आवर्ती ठेवीत दरमहा 4,200 रुपये भरीत आहेत. चोवीस महिन्यांत, व्याज न धरताही, 1,00,800 होतात. राखीव रकमेलाही हाच नियम लावला आहे. ती आजारपण किंवा चुकलेली गाडी यांसाठीच आहे. खरेदीसाठी तिला कोणी मागू नये.

दानाच्या पैशाचा हा विषय लोंगमेनला गेल्यावर अधिकच जिवंत होतो, म्हणून पहिला पूर्ण दिवस लोंगमेनसाठी ठेवावा. उत्तर वेई राजवटीने 493-494 च्या सुमारास आपली राजधानी लोयांगला आणली, तेव्हापासून यी नदीच्या दोन्ही काठांवरील टेकड्या कोरल्या जाऊ लागल्या. आज तेथे 2,300 हून अधिक लेणी व कोनाडे, एक लाखाहून अधिक मूर्ती आणि सुमारे 2,800 शिलालेख आहेत. सर्व प्रवासी 17.14 मीटर उंचीच्या वैरोचन बुद्धमूर्तीकडे धावतात. ती 675 मध्ये पूर्ण झाली. तिच्यासाठी सम्राज्ञी वू हिने आपल्या प्रसाधनाच्या खर्चातून वीस हजार नाण्यांच्या माळा दिल्याची नोंद तेथेच कोरलेली आहे. मूर्ती भव्य आहे, यात शंका नाही. तरी आमचे मन रमले ते गुयांग लेण्यात. तेथील भिंती हातभर उंचीच्या लहान लहान कोनाड्यांनी भरून गेल्या आहेत आणि त्यांखाली दात्यांची नावे आहेत. राजपुरुष त्यांत आहेत, परंतु भिक्खुणी आहेत, आणि एकेकट्याला मूर्ती करविणे परवडत नाही म्हणून वर्गणी काढून ती करविणाऱ्या उपासकांच्या मंडळ्याही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या सुताराचे आणि सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे नाव ज्याने वाचले आहे, त्याला ही मंडळी अनोळखी वाटणार नाहीत.

मधल्या बिनयांग लेण्यात दोन भिंती ओरबाडलेल्या दिसतात. सम्राट आणि सम्राज्ञी यांच्या मिरवणुकीची शिल्पे 1930 च्या दशकात तेथून फोडून नेण्यात आली. एक न्यूयॉर्कच्या आणि दुसरे कॅन्सस सिटीच्या संग्रहालयात आहे. मार्गदर्शक येथे फारसे थांबत नाहीत. आपण थांबावे.

पश्चिमेकडील टेकडीची लेणी पूर्वाभिमुख आहेत, म्हणून सकाळी लवकर जावे. दुपारनंतर ती सावलीत जातात. पायऱ्या पुष्कळ आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी चढण्याचा हट्ट न धरता पुलावरून पूर्व काठावर जावे. तेथून नदीपलीकडे वैरोचनाचा संपूर्ण दर्शनी भाग एका दृष्टीत येतो, आणि त्याच तिकिटात ते चालते.

दुसरा दिवस श्वेताश्व विहाराचा. हान सम्राट मिंग याला स्वप्न पडले, त्याने दूत पाठविले, आणि काश्यप मातंग व धर्मरत्न हे दोन भारतीय भिक्खू पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून आले; त्यांच्यासाठी इसवी सन 68 मध्ये हा विहार बांधला गेला, अशी परंपरा आहे. स्वप्नाची कथा नंतरच्या काळात रचली गेली असावी, असे बहुतेक संशोधक मानतात, आणि विहाराचे नावही तिसऱ्या शतकातील नोंदींपूर्वी आढळत नाही. आपण बुद्धिवादी परंपरेचे लोक आहोत. कथा कथा म्हणून ऐकावी. दोन भिक्खूंच्या समाधी आवारात दाखवितात, तेथे मात्र पाय आपोआप थांबतात. सध्याच्या इमारती पुष्कळ नंतरच्या आहेत; 1175 मधील चियुन हा विटांचा मनोरा त्यांत जुना. पश्चिमेकडे भारताने दिलेले, सांचीच्या स्तूपाच्या घडणीचे मंदिर आहे. त्याचे उद्घाटन मे 2010 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. धूप आणि उदबत्त्यांची मोठी जुडगी दारात विकली जातात आणि परीक्षेत यश, धंद्यात बरकत यांसाठी ती जाळली जातात. आमच्या अंदाजपत्रकात त्यांच्यासाठी रक्कम नाही, आणि ती नाही याचे आम्हास दुःखही नाही. त्रिशरण-पंचशील म्हणावयास पैसे लागत नाहीत.

भोजनाविषयी वाचक नेहमी चिंता करतात. लोयांगची सकाळ गोमांसाच्या किंवा मेंढीच्या मांसाच्या गरम रश्श्याने सुरू होते. ज्यांना चालते त्यांनी अवश्य घ्यावा, स्वस्त आणि पोटभरीचा असतो. शाकाहारींनी 'मांस, मासे, अंडी नको' असे चिनी लिपीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी. निवासाचा पत्ता आणि दोन्ही स्थळांची नावेही तशीच लिहून घ्यावीत, कारण इंग्रजी बोलणारा मनुष्य क्वचितच भेटतो. खोली ठरविताना परदेशी पाहुण्यांची नोंदणी करतात ना, हे विचारून घ्यावे. दुकानांत बहुतेक व्यवहार मोबाइलवरून होतात. अलिपे या ॲपला आपले आंतरराष्ट्रीय कार्ड जोडता येते आणि 200 युआनपर्यंतच्या व्यवहारावर अधिभार पडत नाही. त्याहून मोठ्या रकमेवर तीन टक्के पडतात, म्हणून खोलीचे भाडे आरक्षणाच्या वेळीच भरावे. गूगल आणि व्हॉट्सॲप तेथील जाळ्यावर चालत नाहीत, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. नाहीतर तिकडे आपण सुखरूप आणि इकडे घरी रडारड, असा प्रकार होतो. 2019 मध्ये तो आमच्याच घरी झाला.

जमाखर्च एकाच व्यक्तीने दररोज रात्री लिहावा आणि सर्वांसमोर वाचून दाखवावा. आमच्या गटाने हे काम त्या शिक्षिकाबाईंकडे दिले आहे.

तिसरा दिवस लोयांग संग्रहालयासाठी. 516 मध्ये उभारलेला आणि 534 मध्ये आगीत भस्मसात झालेला योंगनिंग विहाराचा प्रचंड मनोरा आज केवळ चौथऱ्याच्या रूपाने उरला आहे; त्याच्या उत्खननात मिळालेला मातीचा भग्न बुद्धमुखवटा या संग्रहालयात आहे. कपाळाचा भाग गेला आहे, ओठांवरील स्मित शिल्लक आहे. प्रवेश विनामूल्य आहे, पासपोर्ट दाखवून आधी नोंद करावी लागते. सोमवारी संग्रहालय बंद असते. म्हणून मुंबईहून निघण्याचा वार ठरविताना तिसरा दिवस सोमवार येत नाही ना, हे दिनदर्शिकेवर मोजून घ्यावे.