नेपथ्याची सुतारी



नाटकावर बोलावयाचे म्हटले की नाटककार, नट आणि पदे यांविषयी बोलणे ओघानेच येते. वीर वामनराव जोशी यांच्या अमरावतीत तर ते शोभूनही दिसते. पण आज मी तुम्हांला रंगमंचाच्या मागे, सुताराच्या पेटीजवळ नेणार आहे.

जुन्या संगीत मंडळ्यांच्या काळी नेपथ्य म्हणजे मुख्यतः रंगविलेला पडदा. खेळ संपला की तो गुंडाळून पुढच्या गावी न्यावयाचा. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले, तेव्हा पडद्याच्या जागी भिंती आणि दारे असलेली खोली उभी राहिली. नेपथ्याचा भार चित्रकाराच्या खांद्यावरून बराचसा सुताराच्या खांद्यावर आला. पण भिंत काही गुंडाळता येत नाही. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेत अमरावती-अकोल्याच्या हौशी मंडळींना हीच अडचण पडते. आज एकाचा वाडा, उद्या त्याच जागी दुसऱ्याचे शेत; रात्री सारे उतरवून टेम्पोत घालावयाचे.

म्हणून पहिला नियम असा की, जोडतानाच उकलण्याचा विचार करावा. घराचा सुतार जोड कायमचा करतो; नाटकाचा सुतार तो तीन तासांसाठी करतो. मात्र त्या तीन तासांत तो जोड नटाच्या अंगावर येता कामा नये.

भिंत म्हणजे वस्तुतः तीन इंच रुंद आणि एक इंच जाड पट्ट्यांची चौकट व तिच्यावर मांजरपाट. मेळघाटचे सागवान उत्तम खरे, पण येथे ते जड आणि महाग पडते. हलके, सरळ, बिनगाठीचे लाकूड घ्यावे. कोपरा गुण्याने तपासून त्याच्या पाठीवर प्लायवूडचा त्रिकोण ठोकावा. त्रिकोण बाहेरच्या कडेपासून पाऊण इंच आत ठेवावा, म्हणजे शेजारची चौकट काटकोनात नीट बसते. कापड फार ताणू नये. खळीचा हात दिला की ते वाळताना आपोआप आक्रसते. आधीच ताणलेले असेल तर चौकटच आत वाकते. चौकटीची रुंदी वाहनाचे दार मोजून ठरवावी. अमेरिकेत फिरत्या मंडळ्यांच्या चौकटी पाच फूट नऊ इंचांपेक्षा रुंद नसत, कारण रेल्वेच्या डब्याचे दार!

दोन चौकटी खिळ्यांनी जोडू नका. मधली सळई ओढून काढता येते अशी बिजागरी लावा. सळई काढली की भिंती सुट्या. जेथे वजन आहे तेथे बोल्ट घाला, आणि त्याला बोटांनी फिरणारी पंखांची चाकी लावा. खिळा ठोकावाच लागला तर त्याच्या डोक्याखाली चामड्याचा तुकडा ठेवा. काढताना पकड मिळते. पट्टीच्या टोकाजवळ ठोकताना खिळ्याचे टोक आधी बोथट करा. तीक्ष्ण टोक तंतूंना बाजूला सारून लाकूड चिरते, बोथट टोक तंतू तोडीत आत जाते.

दार आपटले आणि सारी भिंत हलली की करुण प्रसंगीही प्रेक्षक हसतात. दारासाठी चौकटीची खालची पट्टी कापावी लागते, हे त्याचे कारण. तेथे जमिनीलगत चपटी लोखंडी पट्टी मारावी, दाराच्या दोन्ही अंगांना मागून तिरपा टेकू द्यावा आणि त्याच्या पायावर वाळूची पोती ठेवावीत.

चौथऱ्याचे काम याहून जोखमीचे आहे. त्याची चौकट पायांच्या डोक्यावर टेकली पाहिजे. नुसत्या खिळ्यांवर टांगलेली नसावी. पायांना तिरप्या पट्ट्या हव्यातच, कारण चौथरा बहुधा खाली दबून मोडत नाही, बाजूला कलंडतो. तालमीपूर्वी त्यावर स्वतः चार जणांनी उभे राहून पाहावे.

वऱ्हाडचा उन्हाळाही विसरू नका. पारा ४५ अंशांपुढे गेला की लाकूड सुकते. लांबीत ते जवळजवळ तसेच राहते, पण रुंदीत आटते. म्हणून पावसाळ्यात घट्ट बसलेला बोल्ट मे महिन्यात खुळखुळतो. प्रत्येक प्रयोगापूर्वी चाक्या आवळून पाहाव्यात. आता पुष्कळ मंडळी लोखंडी चौकोनी नळ्या वापरतात, पण आवळण्याचे काम तेथेही सुटत नाही.

शेवटी, प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना पाठीमागून एकच अंक रंगवा. खिळ्यांनी ठोकलेले नेपथ्य एका प्रयोगानंतर चुलीत जाते. उकलता येणारे पुढच्या वर्षीच्या नाटकात पुन्हा उभे राहते. वर्गणी काढून नाटक करणाऱ्या मुलांना ही बचत मोठी आहे. आणि अंधारात चौथऱ्याची पायरी चढणारी मुलगी खाली पाहत नाही. तिच्या वतीने आपण आधीच पाहिलेले असले पाहिजे.