जीपच्या कमानीचे गंजलेले बोल्ट घरी कसे काढावेत

आमच्या गोंदिया जिल्ह्यात ज्या शेतकरी बंधूंच्या अंगणात जुनी जीप उभी आहे, त्यांस प्रस्तुत विषयाची ओळख करून देण्याचे कारण नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यापर्यंत खत न्यावे, दिवाळीनंतर धानाची पोती गिरणीवर पोचवावी, मध्यंतरी लग्नकार्यास पाहुणे आणावेत, इतकी कामे ही गाडी बिनतक्रार करते. तिची दुखरी जागा असते ती खाली, जेथे कोणी वाकून पाहत नाही. चाकांवरील कमानपाटे ज्या बोल्टांनी चासीस जोडलेले असतात, ते बोल्ट वर्षानुवर्षे चिखलात भिजून जागच्या जागी धरून बसतात. पाटा तडकला अथवा बुश झिजला म्हणजे प्रथम हा बोल्ट काढावा लागतो, आणि अर्ध्या तासाचे काम तीन दिवसांवर जाते ते येथेच.

पुढे महिंद्र आणि महिंद्र या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जातीच्या जीपगाड्या जोडण्यास आरंभ केला. त्या घराण्यातील गाड्या साध्या बांधणीच्या, आणि मजबूत कमानपाट्यांवर चालणाऱ्या. त्यांपैकी पुष्कळ सरकारी कचेऱ्यांच्या लिलावांतून शेतकऱ्यांच्या दारी आल्या. आता तो मार्ग खुंटला आहे. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी गाडीची नोंदणी, काही अपवाद वगळता, चालू राहत नाही. ती मोडीत निघते. खासगी गाडीस मात्र १५ वर्षांनंतर तपासणी होऊन पाच वर्षांची मुदत वाढवून मिळते. सबब, दारी असलेली गाडी सांभाळणे व तपासणीस उभी करता येईल अशी ठेवणे, एवढेच आपल्या हाती उरते.

थंड देशांत रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात, व त्या मिठाने गाड्यांचा तळ खाऊन जातो, असे वाचनात येते. आपणाकडे बर्फ नाही. पण मिठाची उणीव खत भरून काढते. म्युरेट ऑफ पोटॅश हा क्षारच आहे, आणि त्यातील क्लोराइड लोखंडाचा वैरी होय. युरिया हवेतील ओल ओढून घेतो. फाटक्या गोणीतून सांडलेले हे खत गाडीच्या फळीतून खाली झिरपते, त्यावर बांधीचा चिकण चिखल बसतो, आणि तो चिखल आश्विनापर्यंत वाळत नाही. जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत पाट्याच्या डोळ्याशी काय घडत असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

त्या डोळ्याची रचना ध्यानात घेतल्याखेरीज पाना हाती धरू नये. पुष्कळ गाड्यांत पाट्याच्या डोळ्यात रबरी बुश असतो, बुशाच्या पोटात पोलादी नळी असते, आणि नळीतून बोल्ट जातो. नट बाहेर दिसतो म्हणून आपण त्याच्याशी झुंजतो. खरी पकड नळीच्या आत असते. गंज मूळ लोखंडापेक्षा निदान दुप्पट, कधी त्याहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. बोल्ट व नळी यांमधील केसभर फटीत तो फुगला म्हणजे पाचर ठोकल्यासारखे होते. नट निघाला तरी बोल्ट हलत नाही, तो यामुळे.

विलीज नमुन्याच्या अगदी जुन्या गाड्यांत दुसरा प्रकार आढळतो. तेथे शॅकल इंग्रजी यू अक्षरासारखे असून त्यावर आट्यांचे बुश फिरवून बसविलेले असतात. त्यांतील काहींचे आटे उलटे असतात. म्हणजे आपण सोडवितो आहो असे समजून जोर लावावा आणि तो आवळत जावा. प्रथम आटे पुसून त्यांचा कल पाहावा. वाचताना हे क्षुल्लक वाटेल. गाडीखाली उताणे पडल्यावर तसे वाटत नाही.

आता आमच्या घरचा प्रकार सांगतो, कारण पुढील सूचना त्यातूनच निघाल्या आहेत. गेल्या सालच्या वैशाखात आमच्या जीपचा डावीकडील मागचा मुख्य पाटा डोळ्याजवळ तडकला. मृगाच्या आत गाडी उभी राहणे अवश्य होते. पुतण्या व मी असे दोघे संध्याकाळी कामास लागलो. जॅक मातीवर, त्याखाली एक वीट. घोडी नव्हती. काढलेले चाक ठेवण्यास दुसरी जागा नसल्यामुळे ते चासीखाली आडवे सरकवून दिले होते; यात शहाणपण काही नव्हते. थोडे तेल सोडून लगेच पाना लावला, आणि पान्यावर तीन फुटी नळ चढवून दोघांनी जोर केला. बोल्ट फिरला. मला मोठा आनंद झाला. परंतु तो फिरला नव्हता, पिळला होता. आणखी अर्ध्या फेऱ्यात त्याचे डोके तुटून हाती आले. पुतण्या पाणी पिण्यास म्हणून बाहेर निघाला, आणि “काका, जॅक कलला!” एवढे तो म्हणतो न म्हणतो तोच वीट फुटली व गाडी वीतभर खाली आली. ती त्या आडव्या चाकावर टेकली. जेथे टेकली तेथे घटकेपूर्वी त्याची छाती होती. ही गोष्ट आम्ही घरात कोणास सांगितली नाही. आता छापून आल्यावर कळेलच.

त्या रात्री झोप आली नाही, तेव्हा निवांतपणे विचार केला. पाटा बदलावयाचा होता, बुश त्याच्यासह जाणार होता, आणि बोल्ट नवा घालावयाचा होता. म्हणजे ज्या बोल्टास वाचविण्यासाठी आम्ही जिवावर उदार झालो, तो भंगारात टाकण्याचाच होता. वाचवावयाचे होते ते एकच: चासीस रिव्हेट केलेले बेचके, ज्यात पाट्याचा डोळा बसतो. ते वाकले वा चिरले तर गाडी संपली. काय राखावयाचे व काय सोडावयाचे, हे पान्यापूर्वी ठरवावे असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

दुसऱ्या दिवशी दोन लोखंडी घोड्या मागून आणल्या, त्या फरशीच्या तुकड्यांवर चासीखाली बसविल्या, पुढील चाकांस दोन्हीकडून दगड लावले, आणि गाडी हाताने हालवून पाहिली. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. पाट्यावरील ताण उतरेपर्यंत अॅक्सलही निराळ्या जॅकने सावरून धरावा. तसे न केल्यास बोल्ट निघताच पाटा उसळतो व बोटे सापडतात. नंतर हॅक्सॉचे नुसते पाते, एका टोकास फडके गुंडाळून, बेचके व बुश यांमधील फटीत घातले आणि बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. दोन पाती खर्ची पडली व दुपार गेली. ग्राइंडरने हे काम लवकर होते. परंतु आमच्या अंगणात तणसाचा ढीग होता, आणि ठिणगीस तणस पुरे. ज्यांस ग्राइंडर वापरावयाचा असेल त्यांनी गाडी तणसापासून दूर न्यावी, डोळ्यांस चष्मा लावावा, आणि डिझेलची टाकी व ब्रेकची नळी कोठे आहे ते आधी पाहावे.

दुसऱ्या टोकाचा, शॅकलमधील बोल्ट मात्र काढून पाहण्यासारखा होता. येथे आम्ही घाई केली नाही. तारेच्या ब्रशाने आट्यांवरील माती व गंज खरवडून काढला. हे न करता तेल सोडणे म्हणजे मातीस तेल पाजणे होय. मग गंज सोडविणारे पातळ तेल सकाळ-संध्याकाळ तीन दिवस सोडले. बाजारात डब्ल्यूडी-४० नावाचा डबा मिळतो. तो मुळात १९५३ साली अमेरिकेत धातूवरील पाणी हटविण्यासाठी तयार झाला, व हलक्या गंजास उपयोगी पडतो. जुन्या गंजास त्यासाठीच केलेले तेल अधिक चांगले. काहीच नसेल तर डिझेलही चालते, पण त्यास दिवस जास्त लागतात. प्रत्येक वेळी तेल सोडल्यावर बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने पाच-दहा मध्यम ठोके द्यावेत, म्हणजे हादऱ्याने फट मोकळी होऊन तेल आत शिरते.

चौथ्या दिवशी सहा कोनी रिंग पाना घेतला. बारा कोनी पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. प्रथम आवळण्याच्या दिशेने किंचित जोर केला. कट्ट असा आवाज झाला. मग पाव फेरा मागे, पुन्हा थोडा पुढे, तेल, पुन्हा मागे. जेथे हातास जडपणाऐवजी मऊपणा लागतो तेथे तत्काळ थांबावे. पोलाद पिळू लागल्याची ती खूण आहे. नट बोल्टाच्या टोकाशी सपाट येईपर्यंत सोडविला व तसाच राहू दिला, म्हणजे त्यावर घाव घालताना आटे चेपत नाहीत. एक जण मागून घण धरून उभा, दुसरा हातोडा मारणारा. बोल्ट निघाला तेव्हा सायंकाळचे साडेपाच झाले होते.

अग्नीविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आपले लोहारबंधू प्रथम तोच उपाय सुचवितात. तत्त्व खरे आहे: १६ मिलिमीटर भोकाचा नट ३०० अंश सेल्सियसने तापविला तर भोक पाच-सहा शतांश मिलिमीटर मोठे होते, आणि तेवढ्याने गंजाची पकड सुटू शकते. म्हणून तापवावयाचा तो नट, बोल्ट नव्हे. परंतु पाट्याचे पोलाद पाणी देऊन तयार केलेले असते. डोळा लाल केला की ते पाणी उतरते, आणि पुढे भरल्या गाडीत पाटा तेथेच मोडतो. जो पाटा परत बसवावयाचा आहे त्याजवळ ज्योत नेऊच नये. रबरी बुश पेट घेतो. शॉकअॅब्सॉर्बर तापला तर फुटण्याचा धोका असतो. अगोदर सोडलेले तेल पुसून न काढता ज्योत लावणाऱ्यास काय सांगावे?

नवा बोल्ट आणताना जुन्याचा तुकडा खिशात न्यावा. जुन्या गाड्यांत इंची माप असते. पाच सुती बोल्ट आणि १६ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवले तर डोळ्यांस सारखेच दिसतात, पण आटे जुळत नाहीत. दोन फेरे बसतो आणि मग अडतो. जोराने बसविला तर दोन्ही फुकट. मिलिमीटरच्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ अथवा १०.९ असा आकडा कोरलेला असावा. इंची बोल्टावर तीन किंवा सहा रेघा असतात. बिनखुणेचा बोल्ट फाटकास वापरावा, गाडीस नको. यू-बोल्ट एकदा काढले की नवेच घालावेत.

बसविताना बोल्टाच्या दांड्यास ग्राफाइटचे ग्रीस चोळले. नट प्रथम हातापुरताच आवळला, गाडी चाकांवर उतरविली, आणि मगच शेवटचा जोर दिला. रबरी बुश असताना चाक लोंबकळत ठेवून आवळले तर गाडी उतरल्यावर बुश पिळलेलाच राहतो व एका हंगामात फाटतो.

पावसाळा संपल्यावर आम्ही गाडीचा तळ पाण्याने धुतला. खताच्या खेपेनंतर तर त्याच दिवशी. यंदा मुद्दाम तोच बोल्ट सोडवून पाहिला, तो एका हाताच्या पान्याने सुटला. उजव्या बाजूचे मात्र दोन्ही बोल्ट अद्याप जुनेच आहेत. त्यांस रविवारपासून तेल सोडतो आहो. घोड्या या खेपेस विकत आणल्या.